एकादशीचा भात

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉ. सान्यालांनी विचारलं.

प्रश्न दिगंबरपंतांना होता. उत्तर कालिंदीबाईंनी दिलं, आणि तेही थोड्या ऐटीत.

"त्यांचे उपास फार कडक असतात, डॉक्टर. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, प्रदोष. यंदा शनिवारही धरलाय. अंगावर मांस राहणार कुठून?"

डॉक्टरांची हिंदी बंगाली वळणाची आणि कालिंदीबाईंची मराठी वळणाची. एरवी अशा दोन हिंद्या समोरासमोर आल्या की दिगंबरपंत मध्ये पडून दोघांना एकमेकांचं समजावून सांगत. आज ते तपासणीच्या टेबलावर कुशीवर पडून भिंतीकडे बघत होते.

डॉक्टरांचा हात त्यांच्या पाठीच्या खालच्या अंगाला, माकडहाडाशी होता. तो तिथेच थांबला. "उपास कुणी सांगितले?"

"सांगायचे कुणी? देवाचे आहेत."

डॉक्टर मोरीकडे गेले आणि हात धुऊ लागले. हात धुवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. टॉवेलने एकेक बोट पुसत ते परत आले आणि कालिंदीबाईंना म्हणाले, "जुन्या जखमेच्या व्रणाशी गाठ आहे. लिंबाएवढी. तुम्ही पाहिली नव्हती?"

कालिंदीबाईंनी मान हलवली. तीन वर्षांत त्यांनी तो व्रण पाहिलाच नव्हता. पाहू दिला गेला नव्हता, हे जास्त खरं.

दिगंबर सोहोनी खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे इन्स्पेक्टर. नोकरीच्या निमित्ताने मुंबई सोडून कलकत्त्याला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. दोरीच्या शिड्यांवरून बोटींवर चढायचं, पेट्या उघडायला लावायच्या, कप्तानाने पुढे केलेला चहा न घेता परत यायचं, असा सरळ माणूस. मूलबाळ नव्हतं. भवानीपूरच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, नवरा-बायको आणि देवघर. गावातल्या मराठी मंडळींचा गणपती बसे, त्याची प्राणप्रतिष्ठा मात्र दरवर्षी सोहोन्यांनीच करायची. भटजी मिळत नसे म्हणून पहिल्या वर्षी ते बसले, आणि मग कुणाला दुसरं माणूस सुचेना. त्यांचा आवाज चांगला होता. मंत्र म्हणताना पोरंसुद्धा गप्प होत.

तीन वर्षांपूर्वी रक्त पडायला लागलं. मूळव्याध म्हणून कालिंदीबाईंनी सुरण खाऊ घातला, ताक पाजलं, आणि इथल्या मोहरीच्या तेलाच्या नावाने बोटं मोडली. मूळव्याध नव्हती. डॉ. सान्यालांनी तेव्हा शौचाची मागची वाट कायमची बंद केली आणि पोटाच्या डाव्या अंगाला नवी काढून दिली. रोग गेला. मंडळात सगळ्यांना मूळव्याधीचं ऑपरेशन म्हणूनच सांगितलं.

तेव्हापासून दिगंबरपंत पहाटे न्हाणीघराची कडी लावून घेत. खिळ्याला इनॅमलचं भांडं टांगलेलं, त्याला रबरी नळी. तासभर आतून पाण्याचा आवाज येई. मग कापूस, जाळीचं फडकं आणि त्यावर फ्लॅनेलचा पट्टा घट्ट बांधून ते बाहेर येत. पट्टे स्वतः धूत, गच्चीच्या कोपऱ्यात स्वतः वाळत घालत, वर टॉवेल पांघरून. जेवायला स्वयंपाकघरात येणंही त्यांनी सोडलं. गॅलरीत पाट मांडून घेत. कालिंदीबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "तुझं सोवळं तुझ्याजवळ. माझं मला कळतं."

उपासांची सुरुवात गणपतीपासून झाली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चतुर्थीला, पूजेच्या मध्येच पोट वाजलं तर काय करायचं, या धास्तीने त्यांनी आदले दोन दिवस काही खाल्लं नाही. पूजा निर्विघ्न पार पडली. पोट अगदी शहाण्यासारखं वागलं. हा उपाय त्यांना आवडला. मग संकष्ट्या आल्या, सोमवार आले. कालिंदीबाई एकादशी लहानपणापासून करतच होत्या, आता ते जोडीला आले. मंडळातले श्यामराव कौतुकाने म्हणायचे, "दिगंबरपंत, तुम्ही आता साधू झालात हो! चेहऱ्यावर तेज आलंय." गाल बसले की डोळे मोठे दिसतात, हे श्यामरावांच्या लक्षात आलं नाही. कालिंदीबाईंच्याही आलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या विजारी दोनदा आत घेतल्या, आणि दोन्ही वेळा सुईत दोरा ओवताना त्यांना अभिमानच वाटला.

फक्त माशीमांना ते आवडलं नव्हतं. माशीमा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई. विधवा, पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस, आणि तोंडाने फटकळ. त्या बंगालीत बोलत, बौमा म्हणजे सूनबाई म्हणून हाक मारत, कालिंदीबाई मोडक्या बंगालीत उत्तर देत, आणि तरी दोघींचं रोज भांडण्याइतकं जमत असे. एका एकादशीला कालिंदीबाई साबुदाणा भिजवत होत्या तेव्हा त्या जिन्यातून वर आल्या.

"बौमा, हे काय? तुम्ही दोघंही?"

"एकादशी ना आज, माशीमा."

"ती मला माहीत आहे. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही माझ्या तोंडात." माशीमा दारातच खाली बसल्या. "एकादशी आमची आहे, बौमा. कपाळ पुसलं की मिळते. सतराव्या वर्षी मिळाली मला. तुझ्या भांगात सिंदूर नाही, हातात शंखाच्या बांगड्या नाहीत, म्हटलं असेल तुमच्यात तशी रीत. पण नवरा जिवंत असताना एकादशी करायची? आपणहून बोलवायची तिला?"

"आमच्याकडे सगळेच करतात. सवाष्णीसुद्धा."

"तुमच्याकडे म्हणजे तुमच्या देशात. इथे गंगेच्या काठी नको करूस. भात खा. मासळीचा एक तुकडा नुसता जिभेला लाव."

मासळीचं नाव ऐकून कालिंदीबाईंना हसू आलं होतं. संध्याकाळी त्यांनी हे नवऱ्याला हसत हसत सांगितलं. तेही हसले. हसताना त्यांनी कमरेवर हात दाबून धरला होता. हे आज, डॉक्टरांच्या खोलीत, कालिंदीबाईंना आठवलं.

डॉ. सान्याल टेबलाशी उभ्यानेच बोलले. रोग त्याच जागी परत आला होता. औषधाने जाणारा नव्हता. एक मोठं ऑपरेशन होतं, अमेरिकेत अलीकडे करू लागले होते, त्यांनी स्वतः काही केली होती. आतली सगळी जागा साफ करायची, त्याबरोबर लघवीची पिशवीही काढायची, आणि लघवीच्या नळ्या आतड्याला जोडून द्यायच्या. म्हणजे यापुढे सगळंच पोटावरच्या त्या एका वाटेने येईल.

"तुम्ही केलीत त्यातले लोक आहेत का?" दिगंबरपंतांनी सदऱ्याची बटणं लावत विचारलं.

"काही आहेत."

"आणि नाही केलं तर?"

डॉक्टर टॉवेलाची घडी करू लागले. "रोग पाठीच्या हाडाला चिकटला नसेल तरच करता येईल. ते पोट उघडल्याशिवाय कळत नाही. चिकटला असेल तर मी कशालाही हात न लावता टाके घालीन." मग ते कालिंदीबाईंकडे वळले. "सकाळी घेईन, संध्याकाळ होईल. दिवे लागले तरी मी बाहेर आलो नाही म्हणून घाबरायचं नाही. जितका उशीर होईल तितकं चांगलं. मी लवकर बाहेर आलो, तर समजा की मला काही करता आलं नाही."

दोघांनीही ते नीट ऐकून घेतलं.

परतताना ट्राम जवळजवळ रिकामी होती. कालिंदीबाई बसल्या. दिगंबरपंत दांडीला धरून उभे राहिले.

"बसा ना. जागा आहे."

"राहू दे. ठीक आहे."

गेल्या थंडीपासून ते ट्राममध्ये असेच उभे राहत होते. कुणी बाई चढली की लगेच जागा देत, कुणी म्हातारा चढला की त्याला. कालिंदीबाई चारचौघींत सांगायच्या, आमच्यांना फार रीतभात. ऑफिसातही ते उभ्याने काम करतात असं श्यामराव म्हणाले होते, तेव्हा त्यांना वाटलं होतं, शिस्त. आता मैदानावरून ट्राम खडखडत निघाली, प्रत्येक धक्क्याला नवऱ्याचे ओठ आवळले जाताना त्यांनी पाहिलं. त्या उठल्या आणि शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर दोन रिकाम्या बाकांकडे आणि या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

दोन दिवस दिगंबरपंतांनी ऑपरेशनचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, देवापुढे दिवा लावून झाल्यावर, कालिंदीबाईंनीच काढला.

"नको," ते म्हणाले. "आत्ता निदान उपास केला की पोट थांबतं. लघवी कशी थांबवू? सदा ओलं. गणपतीपुढे बसणार कसा मी?"

"गणपतीपुढे श्यामराव बसतील."

"त्यांना मंत्र येत नाहीत."

"न येऊ देत! बघून वाचतील. चुकतील. गणपती काही रागावून उठून जात नाही." त्यांचा आवाज चढला. "माझ्यापुढे कोण बसणार आहे? गॅलरीत का होईना, पाट मांडून? सांगा ना, कोण बसणार आहे?"

कालिंदीबाई नवऱ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. दिगंबरपंत गॅलरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"एक सांगू का तुला? उपास देवाचे नव्हते. निदान सगळे नव्हते," ते म्हणाले. "माघातच भूक गेली माझी. ताटावर बसलं की ढवळायचं. टाकलं की तू विचारणार, काय होतंय. उपास असला की कुणी विचारत नाही. उलट पाया पडतात. म्हणून शनिवार धरला."

"गाठ?"

"तीही तेव्हाचीच."

"मला सांगायचं नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? असं वाटायचं खरं. आणि वाटायचं, आपोआप जाईल. तू वरई, दाण्याची आमटी इतक्या हौसेनं करायचीस." ते कसनुसं हसले. "ऑपरेशनचं ठरव त्यांच्याशी. कधीची तारीख देतात विचार."

कालिंदीबाई रागावल्या नाहीत. त्यांना राग आला तो स्वतःचा. चांगला दाण्याचा कूट करून, तूप-जिऱ्याची फोडणी देऊन, आपणच त्या रोगाला माघापासून पोसत आलो, असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

ऑपरेशनचा दिवस ठरला. माशीमांनी आपली पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. वैशाखातली एकादशी होती.

"दिवस बदलून घे."

"डॉक्टर नाही म्हणाले. आधीच उशीर झालाय."

माशीमा पुटपुटत खाली गेल्या. जिन्याच्या मध्यावर थांबून, वर न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी तू तोंडात भात घातला नाहीस, तर पुन्हा माझं दार वाजवू नकोस."

त्या सकाळी हॉस्पिटलात कॅबिनच्या, म्हणजे त्यांच्या स्वतंत्र खोलीच्या, खिडक्या उघड्या होत्या. हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या, कलकत्त्यात सगळीकडे असतात तशा. आठ वाजताच ऊन चटके देत होतं. दिगंबरपंतांना पांढरा झगा घातला होता. त्यात ते फारच थोडे उरलेले दिसत होते.

"आज एकादशी," ते म्हणाले. "न ठरवता निर्जळी झाली बघ माझी."

"बोलू नका जास्त."

"तुला साबुदाणा तरी आणायचा होतास. दिवसभर बसायचंय तुला." स्ट्रेचर आलं. त्यावर सरकताना त्यांनी बायकोचा हात धरला. चारचौघांत, नर्ससमोर. "दिवे लागले की भेटू. आधी नको."

"आधी नको," कालिंदीबाई म्हणाल्या.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लांब व्हरांडा होता. त्यात एक बाक. माशीमा तिथे येऊन बसल्या होत्या, मांडीवर पितळी डबा घेऊन. पाण्याचाही थेंब न घेता, पहाटे उठून त्यांनी तो भात शिजवला होता. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"खा," त्यांनी डबा पुढे केला.

डब्यात भात होता, वर पिवळं वरण, बाजूला परवराची भाजी. मासळी नव्हती. तेवढं त्यांनी सांभाळलं होतं. कालिंदीबाई भाताकडे बघत राहिल्या. आठव्या वर्षापासून त्यांनी एकादशी मोडली नव्हती. तापात नाही, आई गेली तेव्हा नाही. माशीमांचं म्हणणं त्यांना खरं वाटत होतं असंही नाही. पण खोटं आहे म्हणण्याचं धैर्य आज त्यांच्यात नव्हतं. उपास करून त्यांनी बघितलं होतं. आता न करून बघायचं, एवढंच हातात होतं.

त्यांनी पहिला घास घेतला. माशीमांनी तांब्या पुढे केला.

"हळू. पुष्कळ वेळ आहे."

पुष्कळ वेळ असायला हवा होता. कालिंदीबाईंनी समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं. ऊन अजून वरच्या अंगाला, छताजवळ होतं. ते खाली उतरायचं, फरशीवर यायचं, व्हरांड्याच्या कठड्यावरून निघून जायचं, मग दिवे. त्यांनी दुसरा घास घेतला. मुद्दाम सावकाश, एकेक शीत चावत. जणू त्या सावकाश जेवल्या तर आतलं कामही सावकाश होणार होतं.

डबा निम्माही झाला नव्हता. थिएटरचं दार उघडलं.

डॉ. सान्याल बाहेर आले. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढला होता. भिंतीवरचं ऊन जेमतेम वीतभर खाली उतरलं होतं.

"झालं?" माशीमा धडपडत उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "इतक्यात झालं! मा काली! बौमा, बघ, मी म्हटलं नव्हतं? एक घास भाताचा, आणि बघ!"

कालिंदीबाई उठल्या नाहीत. हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला. डॉक्टर जवळ आले, बोलले. पाठीच्या हाडाला, आणि पायाच्या मोठ्या रक्तवाहिनीलाही. हात लावता आला नाही. दुखणं कमी राहील असं बघू. ते आणखीही काही बोलले. त्यांचा चेहरा थकलेला नव्हता. थकायला त्यांना वेळच मिळाला नव्हता, आणि त्याची त्यांना लाज वाटत असावी असं कालिंदीबाईंना वाटलं.

माशीमांना कुणीतरी बंगालीत सांगितलं तेव्हा त्या परत बाकावर बसल्या. मग त्यांनी पदराने कालिंदीबाईंचा खरकटा हात पुसला. एकादशीच्या दिवशी, भाताचा हात.

दुपार अगदी माथ्यावर आली. कॅबिनमध्ये ईथरचा वास भरला होता. दिगंबरपंत अजून गुंगीत होते, पण पापण्या हलायला लागल्या होत्या. कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या खिडकीशी गेल्या. एकेक झडप ओढून घेतली, कड्या लावल्या, पट्ट्या दांडीने खाली पाडल्या. दुसरी खिडकीही तशीच. दाराच्या वरच्या झरोक्यावर त्यांनी पलंगाच्या पायथ्याची जास्तीची चादर अडकवली. खोली काळोखी झाली. त्यांनी बटण दाबलं. छतातला पिवळा बल्ब लागला.

नर्स आत आली, वर बल्बकडे आणि मग बंद खिडक्यांकडे बघून काही विचारणार, तोच कालिंदीबाईंनी तिच्यापुढे हात जोडले. ती आली तशी परत गेली.

बऱ्याच वेळाने दिगंबरपंतांनी डोळे उघडले. आधी ते बल्बकडे बघत राहिले.

"दिवे लागले?" आवाज फुटत नव्हता.

"हो. लागले."

"एवढा उशीर झाला?"

"झाला. आत्ताच आणलंय तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. कालिंदीबाईंनी ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपले.

"तू दिवसभर काही खाल्लंस?"

"खाल्लं."

"काय?"

खोटं एकच तयार करून ठेवलं होतं. दुसऱ्याची तयारी नव्हती. "भात," त्या म्हणाल्या.

दिगंबरपंतांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. त्यांची मान हळूच खिडकीकडे वळली. एक पट्टी जुनी होती, मध्ये चिरलेली. तिच्यातून उन्हाची एक पांढरीशुभ्र तिरीप आत आली होती आणि पलंगाच्या चादरीवर त्यांच्या कुशीशी पडली होती. बल्बच्या उजेडात ती लपण्यासारखी नव्हती. कालिंदीबाईंनाही ती त्याच वेळी दिसली.

दिगंबरपंतांनी सावकाश हात उचलला. त्या हाताला बरंच वजन असावं तसा. आणि तो चादरीवर, त्या तिरिपेवर ठेवला.

"बरं केलंस, खाल्लंस ते," ते म्हणाले. थोडं थांबले, श्वास जमवला. "दिवे लागले म्हणतेस, तर मग घरी जा आता. देवापुढे दिवा लावायचा राहिला असेल."

"जाते. बसते थोडी आणि जाते."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. ऊन आता दिगंबरपंतांच्या हाताच्या पाठीवर आलं होतं. तिथल्या निळ्या शिरा स्पष्ट दिसत होत्या. दोघंही त्या हाताकडे न बघता बल्बकडे बघत बसले.